शुक्रवारच्या चिठ्ठ्या

“काही गाळू नका, काही चिकटवू नका. कागद जसे आहेत तसे पिशवीत घाला आणि या. लावायचं काम माझं.”

वकीलबाईंचा हा आवाज तीन आठवडे धाकटीच्या सोबतीला होता. आवाज तसा काही खास नव्हता. सर्दी झालेला, दमलेला. पण गेल्या वर्षभरात तिला जे जे सांगण्यात आलं त्यात पाळता येईल असं एवढंच होतं. बाकी सगळे सांगत, धीर धर, खंबीर हो, नवऱ्याला असा सोडू नकोस. धीर कुठून आणायचा हे कोणी सांगत नसे. पिशवीत कागद घालणं जमण्यासारखं होतं.

त्याआधी ती एका मोठ्या वकिलाकडे जाऊन आली होती. त्यांनी फी सांगितली. तिने समोरचं पाणी प्यायलं, आभार मानले आणि जिना उतरली. मोफत सल्ला केंद्राचा पत्ता मिळाला तो इस्पितळात, तिच्याबरोबर चादरी मोजणाऱ्या मावशींकडून. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली, बारा खुर्च्या, वीस माणसं. प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी, आणि कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. पगाराची पावती दाखवली की तीन बैठका मोफत. पहिल्या बैठकीत वकीलबाईंनी नवऱ्याबद्दल अवाक्षर विचारलं नाही. पेन्सिल उचलली आणि म्हणाल्या, “मुलीचा आठवडा कसा जातो? सोमवारपासून सांगा.”

धाकटीने सोमवारपासून सांगायला सुरुवात केली आणि बुधवारपर्यंत येता येता तिला रडू आलं. इतकं साधं तिला कोणी विचारलंच नव्हतं.

आता उद्या सोमवारी सकाळी दहाला मध्यस्थांसमोर बसायचं होतं. एका बाजूला ती, एका बाजूला तो, मध्ये बिट्टीचा आठवडा. ठरलं तर तिथेच सह्या. नाही ठरलं तर पुढची तारीख नऊ आठवड्यांनी. आणि पाळणाघराच्या बाईंनी हात जोडून सांगितलं होतं, “एक तारखेपासून लेखी काही असल्याशिवाय मी पोर कोणाच्याच हाती देणार नाही. माझ्या दारात तुमची ओढाताण नको.” एक तारीख पुढच्याच आठवड्यात होती.

रविवारचे चार वाजले होते. बिट्टी बापाकडे होती. शुक्रवारी संध्याकाळी जायची ती रविवारी सातला यायची. सात वर्षांची पोर, पण ती गेली की माहेरची ही वरची खोली एवढी मोठी व्हायची की धाकटीला आपलीच पावलं ऐकू येत. तिचा छोटा टॉवेल दोरीवर वाळलेला असे. धाकटी त्याची घडी करी, थोड्या वेळाने तीच घडी उलगडून पुन्हा दोरीवर टाकी. काहीतरी ओलं आहे, वाळायचं आहे, असं वाटलं म्हणजे वेळ जाई.

पिशवी आणायला ती खाली दादाच्या पुस्तकबांधणीच्या दुकानात उतरली. वरच्या खोलीत ओल होती, म्हणून कागद तिने गुरुवारी दादाच्या कोरड्या कपाटात ठेवले होते. जाता जाता म्हणाली होती, “दादा, एखादं फोल्डर असलं तर दे रे.”

खाली सगळे जमले होते. रविवार असूनही दादा कामाच्या एप्रनमध्ये. वहिनी स्टुलावर पाय वर घेऊन बसलेली. आई दारापाशी तिच्या खुर्चीत, डोळे मिटून. दुपारी अर्धा तास नामस्मरणाचा तिचा नेम होता, पण आज ओठ हलत नव्हते.

दादाने टेबलावर एक जाडजूड पुस्तक ठेवलं. हिरवं कापड, चामड्याचे कोपरे, पाठीवर सोनेरी अक्षरांत बिट्टीचं पूर्ण नाव.

“हे काय?”

“उघड की.”

“दोन दिवस खपलेत तुझे दादा,” वहिनी म्हणाली. “माझ्या लग्नाचा अल्बम सहा वर्षं फाटून पडलाय, त्याला हात नाही. इकडे बघ, चामड्याचे कोपरे!”

“अल्बमला कोर्टात कोण विचारतंय?” दादा म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. “फोल्डर काय घेऊन जातेस भिकाऱ्यासारखी. फुकटच्या वकिलाकडे गेलं म्हणून काय झालं? टेबलावर हे ठेवायचं. बघू दे लिफ्टवाल्याला.”

लिफ्टवाला म्हणजे धाकटीचा नवरा. लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. वर्षापूर्वीपर्यंत या घरात तो जावईबापू होता.

धाकटीने पुस्तक उघडलं. सुरुवातीला त्याचे निरोप, फोनवरून छापून घेतलेले. त्यातही फक्त तिरसट. मग शाळेची पत्रं. मग पाळणाघराच्या चिठ्ठ्या, चार-चार एका पानावर डकवलेल्या. पानं एकसारखी, कडा काचेसारख्या गुळगुळीत. तिने एका चिठ्ठीवर बोट ठेवलं, मग खालच्या, मग पुढच्या पानावर. बोट उजव्या कडेपर्यंत जाऊन थांबत होतं.

“दादा, सही कुठाय?”

“कसली सही?”

“इथे. उजव्या बाजूला वेळ असते आणि नेणाऱ्याची सही. बिट्टीला कोणी नेलं त्याची.”

वहिनीने पाय खाली घेतले.

“कड वाकडीतिकडी होती,” दादा म्हणाला. “एक चिठ्ठी लांब, एक आखूड. म्हणून मशीनवर घेतली...”

“आणि शुक्रवारच्या? सगळे सोमवार ते गुरुवारच दिसतायत.”

या वेळी वहिनी बोलली, पण धाकटीकडे न बघता. “त्या मी बाजूला काढल्या. त्याच्या सह्यांच्या. म्हटलं, आपल्या पुस्तकात त्याची वाहवा कशाला?”

“मग बाजूला कुठे आहेत?”

“कातरणाच्या पोत्यात गेल्या. पोतं काल रद्दीवाल्याने नेलं.”

धाकटीने पुस्तक मिटलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं तिथल्या प्रत्येकाला वाटलं.

*

दादाला वडिलांनी तीन गोष्टी शिकवल्या होत्या. खळ पातळ करायची नाही, दोरा ओढून पाहिल्याशिवाय गाठ मारायची नाही, आणि बांधायला आलेलं वाचायचं नाही. वाचायला लागलं की हात थांबतो, आणि लोकांचं खासगी असतं. या दुकानात मृत्युपत्रं बांधली गेली, कवितांच्या वह्या बांधल्या गेल्या, एका बाईच्या चाळीस वर्षांच्या रोजनिशा बांधल्या गेल्या. दादाने कधी एक ओळ वाचली नाही. कागद त्याला दिसे तो कड म्हणून, जाडी म्हणून. बहिणीच्या कागदांवरही त्याने तीच नजर ठेवली. निवडायचं काम बायकोचं, बांधायचं त्याचं. पातं खाली आलं तेव्हा कडेला निळी शाई दिसली होती. ती त्याला डाग वाटली.

“मी ते जोडून देतो,” तो म्हणाला. “रद्दीवाल्याकडे जातो आत्ता.”

“रविवारी तो कुठला भेटायला? आणि कालच सगळं गाडीत चढवलं त्याने, मी बघितलं,” वहिनी म्हणाली.

“तू गप्प बस. तुझ्या अकलेने झालं हे.”

“हो, मशीनचा दांडा मीच ओढला ना!”

“पुरे,” धाकटी म्हणाली. “दादा, तुला माहितीये उद्या मी काय मागणार होते?”

“म्हणजे काय! बिट्टी आपल्याकडे. कायमची.”

“सोमवार ते शुक्रवार दुपार माझ्याकडे. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार त्याच्याकडे. आत्ता आहे तसंच.”

दादाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती दुसऱ्याच घरातून उठून आली होती.

“म्हणजे तू आपल्या हाताने देणार त्याला?”

“देणार काय, दादा? शुक्रवारी माझी संध्याकाळची पाळी असते. वर्षभरात त्याने एक शुक्रवार चुकवला नाही. माझ्याशी तो वाईट वागला, ते माझ्याशी. पोरीला सहा म्हणजे सहाला न्यायला हजर. वकीलबाई म्हणाल्या, तुमचे चार दिवस जितके खरे, तितकाच त्याचा शुक्रवार खरा दाखवा. मग तोही भांडणार नाही, मध्यस्थही ऐकतील. त्या चिठ्ठ्या त्याच्या नव्हत्या, दादा. त्या माझ्या होत्या.”

“मग वर्षभर मी कोणासाठी भांडलो? लोकांशी वाईटपणा घेतला, त्याला या पायरीवर येऊ दिलं नाही...”

“ते मलाही विचारायचं होतं,” धाकटी हळूच म्हणाली. “पण तू इतक्या मायेने भांडत होतास की विचारायला जीव झाला नाही.”

दादा खाली बसला. भिंतीला टेकून ठेवलेले पुठ्ठे त्याच्या पाठीमागे घसरले, ते त्याने सावरले नाहीत. आपण बहिणीच्या पाठीशी उभे आहोत, असं तो वर्षभर समजत होता. आता त्याला पहिल्यांदा वाटलं की ती पुढे एकटीच चालत होती आणि आपण मागे उभं राहून नुसता आवाज करत होतो.

*

आईचा एक नेम नामस्मरणाचा आणि दुसरा खोटं न बोलण्याचा. दुसरा पाळायला सोपा होता, कारण या घरात म्हातारीला कोणी काही विचारत नसे. त्यावरच आठ महिने निभावले होते. पण आज कोणी विचारलं नव्हतं तरी सांगणं भाग होतं, आणि ते जड जात होतं.

“चिठ्ठ्या आहेत,” ती म्हणाली.

तिघांनी वळून पाहिलं.

“पाळणाघराच्या बाई प्रत्येक चिठ्ठीच्या दोन प्रती करतात. एक हिच्या पाकिटात, एक जावईबापूंच्या. त्यांच्याकडच्या सगळ्या आहेत. हिच्या दिवसांच्याही आणि त्यांच्या शुक्रवारच्याही. पत्र्याच्या डब्यात, तारखेनं लावून ठेवल्यात.”

“तुला काय ठाऊक?” दादाने विचारलं.

“मी बघितल्यात.”

“कुठे बघितल्यास?”

“त्यांच्या घरी. बुधवारी जाते मी.”

“अगं बाई!” वहिनी उठूनच उभी राहिली. “म्हणजे बुधवारी भाजीला अडीच तास लागतात ते हे होय? आणि मी म्हणते, म्हाताऱ्या माणसाला दम लागत असेल!”

“भाजी आणतेच की मी,” आई म्हणाली.

हसायची वेळ नव्हती, तरी वहिनीला हसू फुटलं. धाकटीला नाही. ती आईकडे बघत होती.

“आई, मला का नाही सांगितलंस?”

“तू विचारलं नाहीस. आणि सांगितलं असतं तर तुझं काय झालं असतं? तुला वाटलं असतं, आईसुद्धा तिकडची.” आईने पदराने चष्मा पुसला, काच स्वच्छच होती. “मी कोणाच्याच बाजूची नाही गं. या वयात बाजू धरून बसले तर माणसंच उरायची नाहीत. ते एकटे असतात. तू वर एकटी असतेस. हा खाली मशीनशी एकटा. मी आपली सगळीकडे थोडी थोडी बसून येते.”

सांगून झाल्यावर तिला हलकं वाटेल अशी तिची समजूत होती. तसं वाटलं नाही. मुलाने मान वर केली नाही. मुलीने तिच्यावरची नजर काढून घेतली. आठ महिने जपलेलं गुपित हातचं गेलं आणि घरातली दोन माणसं जवळ आली नाहीत, असं काहीसं तिला झालं. तिने मनातल्या मनात नाम घ्यायला सुरुवात केली आणि ते मध्येच राहिलं.

“फोन लाव त्याला,” वहिनी म्हणाली. “संध्याकाळी पोरीला सोडायला येतोच, तेव्हा डबा घेऊन ये म्हणावं.”

“मी दुपारीच बोलले त्यांच्याशी. पुस्तक बघितलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं.” आई थांबली. “देतो म्हणाले. एका शब्दात देतो म्हणाले. पण डबा बिट्टीच्या हाती पाठवणार नाही. आईबापांचे कागद पोरीने वाहायचे नाहीत म्हणाले. आणि स्वतः आणून देणार नाहीत. ज्या पायरीवर येऊ नको म्हटलंय तिथे येणार नाहीत. कोणीतरी येऊन मागून न्यावं.”

“अट घालतोय,” दादा म्हणाला.

“अट नाही रे. दारात आलेलं माणूस हवंय त्यांना.”

धाकटी उठली. “मी जाते.”

“तू नको,” आई पटकन म्हणाली. “तुम्ही दोघं एका दारात उभे राहिलात की बिट्टी पोट दुखतंय म्हणते. तुला ठाऊक आहे.”

धाकटीला ठाऊक होतं. म्हणून तर तो पोरीला औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर सोडायचा आणि ती शेवटची शंभर पावलं एकटी चालत यायची, मध्येच मागे वळून, पुढे बघून, दोघांनाही हात करत. धाकटी खिडकीतून पाहायची. तिकडून तोही पाहत असणार. त्या शंभर पावलांत पोर कोणाचीच नसे.

“तुम्ही जा, आई,” वहिनी म्हणाली.

“मी नेहमीच जाते. माझं जाणं मोजत नाहीत.”

रस्त्यावरून एक सायकल गेली, तिची चेन घासत होती. दादाने हिरवं पुस्तक उचललं, पाठीवरून अंगठा फिरवला आणि ते मागच्या फळीवर ठेवून दिलं.

“मी आणतो,” तो म्हणाला.



“तू भांडशील,” धाकटी म्हणाली.

“नाही भांडणार. तोंडच उघडणार नाही.”

“तोंड उघडायचंय, दादा. मागायचंय. आणि त्याने दिलं की तिथे मोजत बसायचं नाही, निवडायचं नाही. सगळ्या आणायच्या. त्याच्यासुद्धा.”

“आणीन. सात वाजायच्या आत तुझ्या हातात. शब्द देतो.”

धाकटीने मान हलवली, पण ती हो म्हणाली नाही. वर्षभरात दादाने तिला खूप शब्द दिले होते. सगळे मोठमोठे होते. हा पहिलाच एवढा लहान होता, आणि म्हणूनच त्यावर विसंबायची तिला भीती वाटली.

*

ती वर आली. वकीलबाईंनी दिलेला कोरा तक्ता टेबलावर होता. सात घरं, प्रत्येक घरात सकाळ, दुपार, रात्र. पोर कोणाकडे झोपणार, शाळेत कोण सोडणार, ताप आला तर आधी फोन कोणाला. तिने पेनाने सोमवार भरला. मंगळवार भरला. शुक्रवारच्या घरात ‘बाबा’ असं लिहिलं, आणि त्या एका शब्दाने खोली अजून थोडी मोठी झाली. हे आता दर आठवड्याला असणार होतं, सहीनिशी. आजवर वाटायचं, काहीतरी होईल आणि हे संपेल. संपणार नव्हतं. नीट लावलं जाणार होतं, एवढंच.

जिन्यावर पावलं वाजली. दादाची, डावं पाऊल जरा घासत टाकायची त्याची सवय. पावलं तिच्या दाराशी येऊन थांबली. धाकटी पेन धरून बसून राहिली. दाराच्या फटीतून खळीचा वास आला, मग साबणाचा. त्याने हात धुतले होते.

“अगं,” दादा बाहेरूनच म्हणाला, “त्याला काय म्हणू?”

“म्हणजे?”

“म्हणजे... जावईबापू म्हणवणार नाही. दुसरं तर म्हणण्यासारखं नाही.”

धाकटीने विचार केला. “बिट्टीचे बाबा म्हण. बिट्टीचे बाबा, चिठ्ठ्या हव्या होत्या. एवढंच.”

“बिट्टीचे बाबा, चिठ्ठ्या हव्या होत्या,” दादा बाहेर म्हणाला. पाठ सांगणाऱ्या मुलासारखा. मग जरा वेळाने, “माझ्याकडून कापलं गेलं, हेही सांगू?”

“सांग.”

“बरं.” आणखी थोडा थांबला. “मजला चौथा ना?”

“चौथा. आणि लिफ्ट बंद असेल. त्याच्या इमारतीची नेहमीच बंद असते.”

दादा हसला असावा. नाकातून सुटलेला श्वास ऐकू आला. मग पावलं खाली गेली. स्वयंपाकघरात वहिनीने काही विचारलं, त्याने “नको, मी एकटाच” असं म्हटल्याचं ऐकू आलं. आईचा आवाज आला नाही.

धाकटी खिडकीशी गेली. स्कूटर भिंतीपाशी तशीच उभी होती. दादा पायीच निघाला होता, एप्रन काढून, बाहेर जायचा शर्ट घालून, हातात रिकामी कापडी पिशवी. ऊन उतरलं होतं, लोक फिरायला बाहेर पडत होते. कोणीतरी त्याला हाक मारली. एरवी तो दहा मिनिटं उभा राहिला असता. आज त्याने नुसता हात वर केला.

रस्ता जिथे फुटतो तिथे तो क्षणभर थांबला. डावीकडे बाजार होता, त्याचे मित्र बसत ते दुकान होतं. उजवीकडे पूल, आणि पुलापलीकडे चार मजल्यांची ती इमारत. त्याने पिशवीची घडी केली, काखेत धरली, आणि ओठ हलवत, एकेक पाऊल टाकत पुलाकडे चालू लागला.